खाट मोफत, गोळी विकत : परळच्या वाटेवर औषधाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो?

22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. 33 जीवरक्षक औषधांवर तो शून्य झाला. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर 18 टक्के कर होता, तोही गेला. चांगली गोष्ट आहे, नाकारायचं कारण नाही. पण जरा हिशेब करून बघा. करासकट 1,120 रुपयांना पडणारी महिन्याची औषधं आता 1,050 ला पडायला हवीत. म्हणजे वाचले 70 रुपये. एवढ्यात पाटणहून परळपर्यंतचं एसटीचं एका बाजूचं तिकीटसुद्धा निघत नाही. राहिलेले 1,050 दर महिन्याला कोणी भरायचे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला करकपातीने हातही लागलेला नाही.

परळचं नाव मुद्दाम घेतलं. आपल्या पाटण, जावळी, माण, खटाव भागात मोठा आजार निघाला की पहिलं नाव निघतं ते टाटाचं, नाहीतर केईएमचं. कोणी रात्रीच्या एसटीने परळ डेपोला उतरतो, कोणी कोयना एक्स्प्रेसने दादरला. ही वाट नवी नाही. आपल्या आधीच्या दोन पिढ्या याच वाटेने गिरणीत गेल्या. लालबाग-परळच्या चाळीत गावाकडच्या पेशंटला टेकायला जागा असायची ती त्यांच्यामुळेच. आता चाळी पडल्या, टॉवर झाले. टेकायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, आणि तिथे नंबर लागला नाही तर टाटाबाहेरचा फुटपाथ.

या भागात चालत फिरलात तर देशाच्या आरोग्य व्यवस्थेचे सगळे नमुने एका फेरीत बघायला मिळतात. 1941 साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल, आज ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. 1926 पासूनचं महापालिकेचं केईएम. लहान मुलांचं आणि बाळंतिणींचं वाडिया. कामगार विमा योजनेचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय. लस आणि औषधांचं हाफकिन. थोडं पुढे गिरगावच्या बाजूला गेलात की धर्मादाय ट्रस्टची मोठी खासगी रुग्णालयं. दवाखान्यांची कमी नाही, डॉक्टरही नावाजलेले. तरीही याच रस्त्यांवर हातात चिठ्ठी धरून एका मेडिकलमधून दुसऱ्या मेडिकलमध्ये भाव विचारत फिरणारी माणसं दिसतात. असं का, हे समजून घ्यायचं तर आपल्या योजना नेमकं कशाचे पैसे देतात ते बघावं लागतं.

राज्याची योजना 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर आली आणि 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. सुरुवातीला फक्त पिवळं आणि केशरी रेशनकार्ड चालायचं. पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्याला सवलत होती, पण ती विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपुरती. माणमधला शेतकरी दुष्काळाने तितकाच होरपळलेला, पण जिल्हा सातारा आणि कार्ड पांढरं म्हणून तो बाहेर. हा अन्याय बरीच वर्षं चालला. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने कार्डाचा रंग बघणं बंद झालं, दीड लाखाची मर्यादा 5 लाखांवर गेली आणि 1 जुलै 2024 पासून प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. 1,356 उपचार यादीत आले. केंद्राच्या आयुष्मान योजनेत ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वेगळं कार्ड मिळू लागलं.

कागदावर आता जवळपास कोणीच बाहेर राहिलेला नाही. मग चिठ्ठी घेऊन फिरतो तो कोण?

या योजना ज्या दिवशी पेशंट भरती होतो त्या दिवसापासून पैसे देतात. खाट, ऑपरेशन, भूल, तपासण्या, आत असतानाची औषधं, जेवण, परतीचं गाडीभाडं हे सगळं पॅकेजमध्ये. डिस्चार्जनंतर राज्याच्या पॅकेजमध्ये 10 दिवसांची औषधं धरलेली आहेत, आयुष्मानमध्ये 15 दिवसांची. काही ठरावीक उपचारांना पुढच्या फेऱ्यांचं वेगळं पॅकेजही आहे. कॅन्सरमध्ये केमोची औषधं आणि काही गोळ्याही यादीत बसतात. पण अकराव्या किंवा सोळाव्या दिवशी यादीबाहेरची जी गोळी लागते, ती आपल्या पैशाने. ओपीडीत बसून डॉक्टरने लिहून दिलेली बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, फिट, संधिवात, मानसिक आजार यांची औषधं तर पहिल्या दिवसापासूनच योजनेबाहेर. त्यासाठी भरती होत नाही, म्हणून क्लेम नाही.

किडनीचं उदाहरण घ्या. प्रत्यारोपणासाठी 2023 मध्ये मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केली. ऑपरेशन होतं, घरातली बाई नाहीतर आई किडनी देते, पेपरात फोटो येतो. नवी किडनी शरीराने फेकून देऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळ्या मात्र आयुष्यभर घ्याव्या लागतात. त्या थांबवल्या तर किडनी जाते, लाखांचं ऑपरेशन पाण्यात आणि पेशंट परत डायलिसिसवर. त्या डायलिसिसला मात्र योजना पुन्हा पैसे देते! सरकारी पैशाच्या दृष्टीनेही हा उलटा व्यवहार आहे. जी गोळी दिली तर पेशंट घरी राहील ती द्यायची नाही, आणि न घेतल्यामुळे तो भरती झाला की बिल फेडायचं. बीपीची गोळी परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेणारा आणि मग लकव्याने भरती होणारा माणूस प्रत्येक गावात एखादा तरी सापडेल.

शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे, जी मुंबईतल्या धोरण ठरवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आजार महिन्याचा असतो आणि आपलं उत्पन्न हंगामाचं. उसाचं बिल कारखान्याकडून हप्त्याने येतं, सोयाबीन एकदाच विकतं, घेवड्याचा पैसा आला तसा सोसायटीत जातो. हातात पैसा असतो तेव्हा तीन महिन्यांच्या गोळ्या आणल्या जातात, पैसा संपला की गोळ्याही संपतात. मे-जून-जुलै हे महिने त्यात सगळ्यात वाईट, कारण बियाणं आणि खत त्याच वेळी घ्यायचं असतं. वर्षाचा सरासरी खर्च काढला तर तो परवडणारा दिसेल. पण जूनमध्ये मेडिकलवाला सरासरी बघत नाही. गावातला ओळखीचा मेडिकलवाला उधार देतो तरी, परळमध्ये कोण देणार?

गोळीचे पैसे देणारा विमा या देशात कधी झालाच नाही असं मात्र नाही. तो परळमध्येच होता, आणि आजही आहे. 1948 च्या कायद्याने आलेली कामगार राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय. यात कामगाराच्या पगारातून थोडे पैसे जातात (आता 0.75 टक्के), मालक 3.25 टक्के भरतो, आणि कामगाराला, त्याच्या बायकोला, मुलांना, अवलंबून असलेल्या आईबापांना दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मिळतं. भरती व्हायची अट नाही. खोकल्याच्या औषधापासून कॅन्सरपर्यंत. गिरणीतल्या आपल्या लोकांनी हा विमा वापरला. गावी बायको आजारी पडली तर तिला मुंबईला बोलावून घ्यायचे, ते याचसाठी.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपात घरं गेली, नोकऱ्या गेल्या हे सगळे लिहितात. पण त्याबरोबर औषधाचा विमाही गेला, हे फारसं कोणी लिहीत नाही. आज त्यातले जे हयात आहेत ते सत्तरीच्या पुढचे. निवृत्त विमाधारकाला वर्षाला फक्त 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार मिळू शकतात, पण किमान पाच वर्षं विमा भरल्याचा आणि रीतसर निवृत्त झाल्याचा कागद लागतो. ज्याचं नाव संपात मस्टरवरून गेलं, त्याने हा कागद कुठून आणायचा? ज्यांच्याकडे कागद आहे त्यांनाही 120 रुपयांची ही सोय माहीत नसते. आपल्या तालुक्यात असा कोणी असेल, किंवा एमआयडीसीतून निवृत्त झालेला असेल, तर त्याने जवळच्या ईएसआय कार्यालयात एकदा विचारून घ्यावं.

आज त्याच गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि ऑफिसं आहेत. तिथे सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, डिलिव्हरी करणारी पोरं आपल्याकडचीच. त्यातल्या ज्याला पगाराची स्लिप मिळते तो ईएसआयमध्ये आहे. पण ही मर्यादा जानेवारी 2017 पासून 21 हजारांवर अडकून बसली आहे. पगार त्यापुढे सरकला की चालू सहामाही संपल्यावर विमा बंद. 21 हजार 500 मिळवणारा माणूस मुंबईत काही श्रीमंत होत नाही, पण आईच्या शुगरच्या गोळ्या त्या दिवसापासून त्याच्या खिशातून. आणि मोटारसायकलवर पार्सल पोचवणाऱ्याला बहुतेक वेळा स्लिपच नसते.

गिरगाव-दादरच्या नोकरदार घरांत मेडिक्लेम असतो. त्यांना वाटतं आपण सुरक्षित. त्यांच्याही पॉलिसीचा पाया भरतीच आहे. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे काही ठरावीक दिवस मोजतात, मग बंद. केमो डे-केअरमध्ये बसते. गोळीच्या रूपातली केमो आणि इम्युनोथेरपी वगळता येणार नाही असं विमा नियामकाने 2019 मध्ये सांगितलं, पण त्यावर रकमेची उपमर्यादा घालायला मोकळीक ठेवली. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबायचा काळ एप्रिल 2024 पासून चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला, एवढाच दिलासा. केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनर यांची गोष्ट वेगळी. त्यांना सीजीएचएसच्या दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या मिळतात. म्हणजे गोळी मोफत द्यायची कशी, हे सरकारला चांगलं माहीत आहे. स्वतःच्या माणसांसाठी ते करतंच.

आता किमतीकडे वळू, कारण पैसे कोण भरतो याइतकंच मुळात किती भरायचे हेही महत्त्वाचं आहे.

परळपासून जवळच अँटॉप हिलला पेटंट कार्यालय आहे. 9 मार्च 2012 रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी सोराफेनिब या लिव्हर आणि किडनीच्या कॅन्सरवरच्या औषधाबाबत एक आदेश दिला. बायर कंपनीच्या या औषधाचा महिन्याचा खर्च होता 2,80,428 रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध बनवायचा सक्तीचा परवाना दिला, किंमत महिन्याला 8,800 रुपयांच्या वर जाऊ नये या अटीवर. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, 2014 मध्ये तिथे हरली, मग सर्वोच्च न्यायालयानेही दखल घेतली नाही. पावणेतीन लाखाचं औषध नऊ हजाराच्या आत विकूनही कंपनी धंदा करू शकते, हे त्या आदेशाने दाखवलं. पण त्यानंतर देशात असा दुसरा परवाना दिला गेलेला नाही.

दुसरं उदाहरण टाटाचं. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने वेगवेगळ्या रुग्णालयांची मागणी एकत्र करून 40 औषधांची घाऊक खरेदी केली. औषधानुसार किमती 23 टक्क्यांपासून थेट 99 टक्क्यांपर्यंत खाली आल्या. औषध तेच, दर्जाची अट तीच. फरक इतकाच की एकट्याने मोंढ्यात जाण्याऐवजी सगळ्यांनी मिळून सौदा केला. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. छापील किंमत आणि खरेदीची किंमत यात केवढी दरी आहे, हेही यातून उघड झालं. ही दरी कमी करायला केंद्राने 2019 मध्ये कॅन्सरच्या 42 औषधांवर व्यापारी नफ्याची 30 टक्के मर्यादा घातली. बाकी औषधांचं काय? आवश्यक औषधांच्या यादीत 384 औषधं आहेत (2022 ची यादी), त्यांची कमाल किंमत सरकार ठरवतं. पण ठरवायची पद्धत अशी की बाजारातल्या मोठ्या ब्रँडांच्या किमतीची सरासरी काढायची आणि त्यावर 16 टक्के दुकानदाराचा नफा. बाजारच महाग असेल तर सरासरीही महागच निघणार. शिवाय दरवर्षी घाऊक महागाईनुसार वाढ. एप्रिल 2022 मध्ये ती पावणेअकरा टक्के होती, 2023 मध्ये बारा टक्क्यांच्या वर. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला 10 टक्के वाढवायची मुभा आहेच.

जनऔषधी दुकानांचा उपयोग होतो, यात शंका नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथे निम्म्याहून स्वस्त मिळतात. पण चिठ्ठीवर डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितो, पेशंटला मूळ औषधाचं नाव वाचता येत नाही आणि दुकानदाराने बदलून दिलं तर विश्वास बसत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जेनेरिक नावानेच लिहा असा नियम काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी ओरड केली आणि त्याच महिन्यात नियम बाजूला ठेवला गेला.

तिसरा रस्ता सरळ आहे. सरकारने औषध विकत घ्यायचं आणि दवाखान्यात फुकट द्यायचं. महाराष्ट्राने 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. मुंबई महापालिकेनेही 2024 मध्ये आपल्या रुग्णालयांसाठी झिरो प्रिस्क्रिप्शनची, म्हणजे बाहेरची चिठ्ठी द्यायचीच नाही, अशी घोषणा केली. घोषणेत खोट नाही, पण दवाखान्याच्या कपाटात औषध असेल तरच ती खरी होते.

इथे परळचा संबंध परत येतो. 2017 मध्ये राज्यातल्या सरकारी रुग्णालयांच्या औषध खरेदीचं काम परळच्या हाफकिन महामंडळाकडे दिलं गेलं. प्लेगची लस काढणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावाची ही संस्था लस बनवण्यात जुनी, पण राज्यभराची खरेदी हा वेगळाच धंदा. खरेदीला उशीर होतो अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या आणि शेवटी 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढावं लागलं. त्याच वर्षी 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर या 24 तासांत नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बालकं होती. औषधटंचाईचा आरोप झाला, रुग्णालय प्रशासनाने तो नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खरं-खोटं काहीही असो, राज्यात औषध खरेदी कशी चालते याची चर्चा व्हायला एवढी मोठी घटना घडावी लागली.

तामिळनाडूने हे 1994 मध्येच केलं. वेगळं खरेदी महामंडळ, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक. मंजूर रकमेएवढं औषध गोदामातून उचलायचं, पासबुकात नोंद करायची. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी दवाखान्यात मोफत औषध सुरू केलं. ही दोन्ही राज्यं काही महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत आहेत म्हणून त्यांना जमलं असं म्हणता येत नाही, राजस्थान तर नाहीच.

देशाचा आकडा बघितला तर आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. सरकार हा आकडा अभिमानाने सांगतं. पण शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजून माणूस स्वतःच भरतोय.

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं काढायचं जाहीर झालं. आपल्या साताऱ्यातच केमो मिळू लागली तर एसटी, धर्मशाळा, फुटपाथ, बुडालेली मजुरी हे सगळं वाचेल. पण केमोची औषधं कोण विकत घेणार, कॅन्सर ग्रिडच्या दराने की बाजारभावाने, आणि घरी न्यायच्या गोळ्या तिथूनच मिळणार की परत मेडिकलची चिठ्ठी, हे आत्ताच विचारून ठेवायला हवं. खासदार-आमदारांच्या आढावा बैठका होतात तेव्हा इमारतीचा आणि मशीनचा विषय निघतो, औषधाचा निघत नाही.

आणि त्याच्याही आधीचं एक काम गावातच होण्यासारखं आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात आपलेच लोकप्रतिनिधी बसतात. बीपी-शुगरच्या गोळ्या केंद्रातून मोफतच मिळायच्या असतात. या महिन्यात अ‍ॅम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिन किती आलं, किती वाटलं, किती दिवस साठा शून्य होता, याची नोंद केंद्रात ठेवलेली असते. पुढच्या बैठकीत ते रजिस्टर टेबलावर ठेवायला सांगा.